पॉलिशचा शेवटचा हात

"प्राची, परत खळगे पडले गो."

बाबा दारात येऊन एवढंच म्हणाले, आणि माझं डोकं असं सटकलं की कणकेचा गोळा परातीत आपटला. एक तर कामावर जायची घाई, डबा व्हायचाय, त्यात हे! बाबा म्हणजे माझे सासरे, धोंडू परब. सत्तरी उलटलेला माणूस, पण उभे होते नापास होऊन घरी आलेल्या पोरासारखे. अंगात काही नाही, कमरेला पंचा आणि डोक्यावर दीपकची जुनी टोपी. एखादा केस होडीवर पडू नये म्हणून टोपी.

मी तशीच पिठाच्या हाताने शेजारच्या खोलीत गेले. डिलाईल रोडच्या आमच्या चाळीत आता निम्म्या खोल्या रिकाम्या आहेत. चाळीच्या जागी टॉवर होईपर्यंत लोक दुसरीकडे राहायला गेले. शेजारचे लवूकाका जाताना चावी बाबांकडे ठेवून गेले, तेव्हापासून त्यांची खोली होडीची झाली. तिथे पंखा लावायचा नाही, केरसुणी फिरवायची नाही, नुसतं ओलं फडकं मारायचं, चपला गॅलरीत काढायच्या. कारण काय, तर धूळ. पॉलिश ओलं असताना एक कण जरी बसला तरी तो सुकल्यावर दाण्यासारखा वर येतो. आमच्या देवघरातसुद्धा एवढं सोवळं नाही.

पाटावर, पिवळ्या बल्बखाली होडी पालथी घातली होती. हातभर लांब, सागवानाच्या बारीक पट्ट्या एकीला एक जोडून केलेली. आदल्या संध्याकाळी बाबांनी पॉलिशचा हात मारला आणि धूळ जाऊ नये म्हणून लगेच दार लावून घेतलं, तेव्हा ती काय चमकत होती! मी तर मनातल्या मनात गावी जायची बॅगसुद्धा भरून टाकली. आणि आता बघते तर अंगावर देवी येऊन गेलेल्या माणसासारखी दिसत होती. दोन्ही कुशींवर, पुढच्या टोकावर, सगळीकडे बारीक गोल खळगे. तेवढ्या जागेवरून पॉलिश मागे सरकलेलं आणि मध्ये कोरडं लाकूड उघडं.

माझ्या मागून सासूबाई आल्या. त्यांनी होडीकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं आणि बाबांना म्हणाल्या, "बघलात? मी सांगलंय होता. तो नको म्हणता."

"कोण नको म्हणतंय?" मी विचारलं. उगाच विचारलं, मला माहीत होतं.

"माझो झील," त्या म्हणाल्या आणि चहा टाकायला निघून गेल्या.

त्यांचा झील म्हणजे दीपक, माझा नवरा. टगवर होता, बंदराबाहेर मोठी जहाजं ओढायचं काम. तीन पावसाळ्यांपूर्वी वादळात टग उलटला. बाकीचे सापडले, कुणी जिवंत, कुणी नाही. दीपक सापडलाच नाही. सगळ्यांनी शोध थांबवला, सरकारी कागद आला, माझ्या माहेरच्यांनी रडून घेतलं. सासूबाई मात्र एक थेंब रडल्या नाहीत. मेलेल्या माणसासाठी रडतात, येणाऱ्यासाठी काय रडायचं, असा त्यांचा हिशोब. गणपतीला नवे कपडे घेताना आजही त्याच्या मापाचा शर्ट घेतात.

ही होडी दीपकचीच. शेवटच्या सुट्टीत त्याने करायला घेतली होती. पट्ट्या वाफेवर वाकवायच्या, चिकटवायच्या, चिमटे लावून ठेवायच्या. माझे कपडे वाळत घालायचे चिमटेसुद्धा सोडले नाहीत त्याने, आणि मी त्यावरून भांडलेसुद्धा. तो म्हणायचा, "प्राची, अशी काचेसारखी करणार ना, की तुला टिकली लावायला आरसा नको." सांगाडा झाला, पट्ट्या झाल्या, घासणं निम्मं झालं आणि सुट्टी संपली.

बाबांच्या गावात, खाडीकाठच्या वाडीत, एक रीत आहे. समुद्राने ज्याला परत दिलं नाही, त्याच्या नावाने नारळी पुनवेला एक छोटी होडी पाण्यात सोडायची. घरच्या हातांनी केलेली पाहिजे, बाजारची चालत नाही. आणि पुरी झालेली पाहिजे, अर्धवट काम समुद्र घेत नाही म्हणतात. होडी दिसेनाशी झाली की घरच्यांनी वळायचं आणि त्या दिवसापासून वाट बघणं सोडायचं. रडायचं असेल ते तिथे रडून घ्यायचं.

आता माझं सांगते. मला परत लग्न करायचंय. त्याचं नाव सौमित्र, बेस्टच्या डेपोत इलेक्ट्रिशियन आहे, शांत माणूस, माझ्या तोंडाच्या पट्ट्याला घाबरत नाही. मी स्वतः गॅलरीत उभी राहून बाबांना सांगितलं. बाबा समोरच्या टॉवरच्या क्रेनकडे बघत म्हणाले, "व्हडी सोडूक दे गो बाय. मगे तू मोकळी. मी स्वतः उभो रवान तुझ्या लग्नात."

लोक म्हणतात, अगं, जा ना मग, कोणी दोरीने बांधलंय? बांधलं असतं तर बरं झालं असतं. भांडून निघता आलं असतं तर मी केव्हाच निघाले असते, भांडायला मला काय मुहूर्त लागतो? पण दीपक गेल्यावर मला टायफॉइड झाला तेव्हा याच म्हातारीने रात्रंदिवस माझं डोकं मांडीवर घेतलं. याच बाबांनी मला पार्लरचं काम सोडू दिलं नाही, चाळीतल्या बायका नावं ठेवत होत्या तरी. अशांना लाथ मारून जाता येत नाही. धरलं तर चावतं, सोडलं तर पळतं, अशी माझी गत.

गेल्या वर्षी होडी व्हायला पाहिजे होती. बाबांनी सगळं केलं, आणि पॉलिशला खळगे. घासा, परत लावा, परत खळगे. पुनव निघून गेली. सौमित्र म्हणाला, थांबतो. यंदा परत तेच. आता पुनवेला आठवडाच उरला होता, आणि सौमित्रला मी अजून एक वर्ष थांब म्हणून कुठल्या तोंडाने सांगणार होते?

बाबा जन्मभर मिलमध्ये मागावर. लाकूडकाम ते म्हातारपणी दीपकच्या घरी राहिलेल्या जुन्या मोबाईलवर शिकले. त्यात दीपकने जमवलेले व्हिडिओ आहेत. एक दाढीवाला गोरा माणूस आपल्या होडीला पॉलिश करतो आणि अखंड बडबडतो. बाबांना त्याचं एक अक्षर कळत नाही, ते फक्त त्याचे हात बघतात. तो पाण्यात पॉलिश पेपर बुडवून घासतो, हे पण घासतात. तो ब्रश एकाच दिशेने नेतो, हे पण तसाच नेतात. "ह्या गोऱ्याक खळगे कशे नाय पडणत?" असं रोज म्हणायचे. लोहार चाळीच्या बाजारातून नवा ब्रश आणला, पॉलिशचा डबा बदलला, पेपर बदलला, दमट हवेला दोष देऊन झाला, बल्ब लावून झाला. दोष द्यायला काही उरलं नाही तेव्हा एका संध्याकाळी मला हळूच म्हणाले, "माझ्या हातातच काय तरी आसा गो. मिलचा तेल. इतकी वर्सा मुरला, ता माझ्या अंगातसून जाणा नाय."

"काहीतरीच काय बाबा! मिल बंद होऊन किती वर्षं झाली!"

"मगे खयसून येता?"

त्या दिवसापासून त्यांनी हात धुवायला सुरुवात केली. साबणाने नाही, धुण्याच्या सोड्याने. वर थिनरचं फडकं. परत सोडा. मोरीत बसून नुसते हात घासत राहायचे. बोटांची सालं निघाली, पेरांना चिरा पडल्या. मी ओरडले, सोड्याचा डबा लपवला, तर खाली जाऊन दुसरा आणला. सासूबाई हे सगळं बघत होत्या की नव्हत्या, देव जाणे. त्यांची मान खाली आणि हातात पोथी.

परत खळगे पडले त्याच्या दुसऱ्या दिवशी माझ्या पार्लरमध्ये, करी रोडला, एक मुलगी नखं करायला आली. सुरुची नाव, तिचा साखरपुडा होता. मी घाईत नख न पुसताच पॉलिशचा पहिला हात, बेस कोट, लावला आणि बघते तर काय, नखाच्या मध्यातून पॉलिश गोल गोल मागे सरकलं. अगदी तसंच. मी तिचं बोट हातात धरून बघतच राहिले.

"काय झालं ताई?"

"घरून हाताला काही लावून आलीस?"

"आईने खोबरेल तेल चोळलं. हात मऊ दिसावे म्हणून."

अगं बाई! दिवसातून दहादा मी बायकांना सांगते, तेलाच्या हाताने येऊ नका, पॉलिश धरत नाही. एरवी रिमूव्हरने नख पुसल्याशिवाय मी ब्रश टेकवत नाही. आणि घरी एवढा तमाशा चाललाय, ते माझ्या टाळक्यात येऊ नये? तेल! पण कुठलं तेल? बाबांचे हात तर सोड्याने सोलले होते. मी त्या मुलीची नखं कशीबशी पुरी केली आणि डोकं दुखतंय सांगून दुपारीच घरी निघाले.

बाबा जेवून झोपले होते. भिंतीवरच्या खिळ्याला लवूकाकांच्या खोलीची चावी नव्हती. मी चपला हातात घेतल्या आणि शेजारचं दार हळूच ढकललं.

सासूबाई पाटाजवळ मांडी घालून बसल्या होत्या. केस मोकळे, नुकतंच डोक्याला तेल लावलेलं, बाजूला खोबरेलाची वाटी. आणि तेलाने चपचपीत हात होडीच्या पाठीवरून फिरत होता. सावकाश, मागून पुढे, तान्ह्या पोराला आंघोळीआधी तेल चोळतात तसा. तोंडाने काहीतरी पुटपुटत होत्या.

मला आधी भडभडून आलं. म्हटलं, बिचारीला कळतही नाही ती काय करतेय. म्हणून मी जवळ बसून शक्य तेवढ्या गोडीने बोलले. "आई, तेलाचा हात लावू नका हो. त्यानेच खळगे पडतात. लाकूड तेल पितं, मग वर पॉलिश धरत नाही."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं. दचकल्या नाहीत, हात मागे घेतला नाही.

"माका म्हायत आसा," त्या म्हणाल्या.

मला वाटलं मी चुकीचं ऐकलं.

"गेल्या वर्सा एकदा असोच हात फिरवलंय. मायेन. दुसऱ्या दिवसाक माझ्या चार बोटांचे चार पट्टे उठले, खळग्यांचे. तेव्हाच समाजला माका."

"म्हणजे मुद्दाम? दोन वर्षं तुम्ही मुद्दाम?" माझा आवाज चढला. "आणि वर म्हणता, दीपक नको म्हणतो? अहो, त्याचं नाव घेऊन खोटं बोलता?"

"मगे काय करू?" त्यांनी बोटं लुगड्याला पुसली. "व्हडी सुटली की माझो झील मेलो. जोपर्यंत ती हय आसा, तोपर्यंत तो खय तरी आसा."

"आणि मी?" मी म्हटलं. "मी काय आहे? मी मेले नाही ना? मला जगायचंय, आई! मला घर पाहिजे, माणूस पाहिजे, पोर पाहिजे. अजून किती वर्षं मी त्या टगवर बसून राहू?"

त्यांचं तोंड पहिल्यांदाच हललं. "तूय जातलंस," त्या म्हणाल्या. "तो गेलो, तू जातलंस. मगे ह्या घरात तेचा नाव घेवक कोण रवतला? आमी दोगा थेरडी एकमेकांच्या तोंडाकडे बघीत बसतलव."

तर हे होतं. मला वाटलं होतं म्हातारी फक्त लेकाला धरून बसलीय. ती मलाही धरून बसली होती. दुसरी कुणी असती तर विरघळली असती. पण माझा राग असा की एकदा चढला की उतरायला जिना सापडत नाही.

"ठीक आहे," मी म्हटलं. "मला धरा. पण बाबांचे हात बघितलेत? त्यांना वाटतं त्यांच्याच अंगात खोट आहे. सोड्याने सालटी काढलीत त्यांनी. आपल्याच हातांनी आपल्या पोराची होडी नासतेय, हे मनात घेऊन तो माणूस झोपतो. दोन वर्षं, आई. तुम्ही समोर बसून बघता, आणि पोथी वाचता!"

त्यांनी वाटी उचलली, उठल्या, केसांचा बुचडा बांधला. जाताना होडीवर कपडा घालायला मात्र विसरल्या नाहीत, धूळ बसू नये म्हणून. मला हसू यावं की रडू, तेच कळेना.

बाबांना सांगायचं ओठावर आलं होतं. ते उठले, चहा घेतला, मला म्हणाले, "आज लवकर इलंस?" आणि मी म्हटलं, "डोकं दुखत होतं." काय सांगणार? तुमची बायको तुमच्याशी दोन वर्षं असं वागली? आपलेच दात आणि आपलेच ओठ.

रात्री जेवायला बसलो. बाबांनी भातावर आमटी घेतली आणि बाजूचा चमचा उचलला. या माणसाने आयुष्यात कधी चमच्याने भात खाल्ला नाही. लग्नाच्या पंगतीत चमचा दिला तर मला काय आजारी समजता म्हणणारे हे. सासूबाईंचा हात वाढता वाढता थांबला.

"चमचो कित्याक?"

"झोंबता," बाबा म्हणाले. "तिखट लागला की आग होता. तू वाढ."

सासूबाईंनी त्यांचा दुसरा हात धरला आणि दिव्याखाली उलटा केला. बोटांच्या पेरांना लाल चिरा, तळव्याची कातडी कागदासारखी सुटलेली. त्या बघत राहिल्या. मग त्यांनी भातात आमटी कालवली आणि लहान पोराला भरवतात तसा एक घास बाबांच्या तोंडापाशी नेला. बाबा लाजले, माझ्याकडे बघून म्हणाले, "काय तरीच काय गो," पण घास घेतला. मी ताट घेऊन मोरीकडे गेले. तिथे उभं राहून काहीच न धुता नळ चालू ठेवला.

पुढचा दिवस शेवटचा होता. त्या दिवशी हात मारला तरच होडी सुकून गावच्या गाडीला तयार झाली असती. मी रजा टाकली. सकाळीच पार्लरमधून आणलेली रिमूव्हरची मोठी बाटली, कापूस आणि बाबांचं थिनर घेऊन होडीपाशी बसले. पाण्याच्या पेपरने जुनं पॉलिश घासून काढलं. मग थिनरने पुसलं, कापूस टाकला, नवा घेतला, परत पुसलं. पट्टीपट्टीच्या सांध्यात दीपकने भरलेला गोंद हाताला लागत होता. एका ठिकाणी माझ्या चिमट्याचा दाब अजून लाकडात उमटलेला होता. त्या चिमट्यांवरून मी त्याला काय काय बोलले होते!

बाबा दारात उभे होते. हाताला पट्ट्या गुंडाळलेल्या. "तूच मार हात," म्हणाले. "माझ्यान नाय होवचा. माझ्या हाताक यश नाय."

तेवढ्यात त्यांच्या मागून सासूबाई आत आल्या. न्हायलेल्या, डोक्यावरून पदर, केस कोरडे. मी त्यांना कोरड्या केसांनी पहिल्यांदाच बघत होते. त्या खाली बसल्या आणि दोन्ही हात माझ्यापुढे धरले, तळवे वर करून.

"पूस," म्हणाल्या. "बऱ्यान पूस. नखातला पण काढ."

मला क्षणभर कळलं नाही.

"एकदाच हात फिरवतंय तेच्यार. बिनतेलाचो. मगे तू काय करूचा ता कर."

मी कापूस रिमूव्हरमध्ये भिजवला. पार्लरमध्ये रोज किती बायकांचे हात धरते मी, पण असा हात कधी धरला नाही. एकेक बोट पुसलं, बोटांच्या बेचक्या पुसल्या, नखांच्या कडा पुसल्या. कापूस पिवळट होत होता. खोलीभर तो उग्र वास. बाबा आधी नुसते बघत होते. मग त्यांनी माझ्या हातातल्या कापसाकडे पाहिलं, बायकोच्या बोटांकडे पाहिलं, होडीकडे पाहिलं. मागावर तुटलेला धागा ज्याला लांबून दिसायचा, त्याला हे दिसायला किती वेळ लागणार?

"मीरा," ते म्हणाले. सासूबाईंना नावाने हाक मारलेली मी कधी ऐकली नव्हती.

"तुमच्या हातात काय नाय," सासूबाई मान वर न करता म्हणाल्या. "मिलचा तेल नाय, काय नाय. तुमचे हात चांगले आसत. जा काय होता ता माझ्या हातात होता."

मला वाटलं आता भडका उडणार. बाबांचा राग मी ऐकून आहे, संपाच्या वेळचा. पण ते भिंतीला टेकून खाली बसले आणि आपल्या पट्ट्या बांधलेल्या हातांकडे बघत राहिले. मग म्हणाले, "माका सांगूचा होतास. मी पण नसती सोडली." एवढंच.

सासूबाईंनी कोरडा हात होडीवर ठेवला. या टोकापासून त्या टोकापर्यंत एकदा नेला. मग उठून बाबांच्या शेजारी जाऊन बसल्या, भिंतीला टेकून.

मी ब्रश उचलला. डब्यात पॉलिश कडक करणारा हार्डनर घातला, हळूहळू ढवळलं, बुडबुडे बसू दिले. पाठीला मधोमध ब्रश टेकवला आणि एका दिशेने नेला, परत मागे आणला नाही. दुसरा पट्टा, पहिल्याला थोडा चढवून. पॉलिश चुका पोटात घेतं, थोडा वेळ दिला की आपलं आपण सपाट होतं. पुढचं टोक झालं, कुशी झाल्या. ब्रश बाजूला ठेवला आणि तिघंही बघत बसलो. खळगे पडायचे तर पहिल्या पाच-दहा मिनिटांत पडतात.

पडले नाहीत. पॉलिश पसरलं, बसलं, थांबलं. सागवानाची लाल-तपकिरी रेषान् रेषा खालून वर आल्यासारखी दिसायला लागली. बल्ब त्यात आख्खा दिसत होता, तारेसकट. खिडकीचे गज दिसत होते. दीपक म्हणायचा तश्शी झाली होती होडी, काचेसारखी. मी वाकले तर माझी टिकली दिसली.

जिंकले मी. पुनवेला होडी सुटणार, मी सुटणार. आणि मी तिथेच तोंडात पदर कोंबला. इतके दिवस मी म्हातारीवर चिडले, खळग्यांवर चिडले, समुद्रावर चिडले, आणि त्या सगळ्या चिडण्यात माझा नवरा गेलाय हे माझंही राहूनच गेलं होतं. आता ते झालं. दीपक गेला.

बाबा उठले. चालत आले ते झोपेत चालल्यासारखे. पट्टीतून बाहेर आलेला अंगठा त्यांनी होडीच्या दिशेने नेला. पोराच्या गालाला लावतात तसा लावणार होते.

सासूबाईंनी झटकन उठून त्यांचं मनगट धरलं.

"हात लावू नकात," त्या म्हणाल्या. "ओली आसा. डाग पडतलो तेका."

आणि बाबांचं मनगट तसंच धरून त्या रडायला लागल्या. तीन पावसाळे अडवलेलं रडणं. आवाज चाळीच्या रिकाम्या खोल्यांमधून घुमत होता, आणि कोणी दार उघडून काय झालं विचारायला उरलेलं नव्हतं. बाबांनी त्यांना कुशीत घेतलं. मी पण जाऊन बिलगले, मधे कुठेतरी, तिघांचा एक गठ्ठा. होडीपासून मात्र चार हात लांब, धूळ उडू नये म्हणून.

किती वेळाने कोण जाणे, सासूबाईंनी माझ्याच पदराने नाक पुसलं.

"तो सौमित्र," त्यांनी विचारलं. त्याचं नाव त्यांच्या तोंडून पहिल्यांदाच निघालं. "मासे खाता मां?"

"खातो," मी म्हटलं.

"मगे पुनव झाली की घेवन ये तेका. दीपकाच्या ताटात वाढीन."